चष्म्याच्या दुकानातला समुद्र

धुळा हे लिहिणारच नव्हता. मोबाईलवर दोनदा सुरुवात केली, दोनदा पुसली. कारण ह्यात त्याची स्वतःची एक चूक आहे आणि ती काय बारकी नाही. तिच्यापायी एक जीव जाता जाता राहिला. तोंडी सांगताना तेवढा भाग गाळता येतो, आणि धुळानं तो दोन ठिकाणी गाळून सांगितलाही. पण लिहायला बसल्यावर तेवढा भाग काढला की मागचं पुढचं काहीच जुळेना.

म्हणून मग सगळंच.

सांगलीत विश्रामबागला गोमटेशचं चष्म्याचं दुकान आहे. वडील जयसिंगपूरचं दुकान बघतात, हे गोमटेश बघतो. मागच्या दारानं पाच पावलांवर घर. दुकानात शिरलं की समोर फ्रेमा, उजवीकडं नंबर तपासायची खोली, आणि डाव्या भिंतीला चार फुटी काचेची टाकी. खाऱ्या पाण्याची. गोड्या पाण्यात मासे पाळणारे सांगलीत गल्लोगल्ली सापडतील. पण समुद्राचं पाणी घरात कालवून त्यात समुद्रातला मासा जगवायचं येड विश्रामबागेत एकटीलाच होतं. गोमटेशच्या बहिणीला, ब्राह्मीला. ती रत्नागिरीला माशांचंच शिकली आणि नोकरी लागून कोचीला गेली. बोटीवरची नोकरी, आठ-आठ दिवस फोन लागत नाही. जाताना तिनं टाकीचं काय काय करायचं ते एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं होतं. पुढं दुकानाला रंग दिला तेव्हा रंगाऱ्यानं कपाट खरवडलं, त्यात कागद गेला.

त्याला दीड वर्ष झालं.

धुळा घरोघरची आरओ मशिनं दुरुस्त करतो. मूळचा माणदेशातला, मेंढरांमागचं घर. आता बापानं फलटणच्या पूर्वेला दोन एकर रान केलंय आणि चाळीस मेंढरं ठेवलीत. धुळा आयटीआयला म्हणून सांगलीला आला आणि इथंच राहिला. माशांचा नाद त्याला खोलीवर लागला. तीन काचेच्या बरण्यांत गप्पी, आणि जे काय येतं ते सगळं व्हिडिओ बघून आलेलं. शिरवळच्या एका कंपनीत त्याची नोकरी पक्की झाली होती. गणपती झाले की हजर व्हायचं होतं.

श्रावणातल्या एका दुपारी तो गोमटेशच्या दुकानात मशिनचा फिल्टर बदलायला आला आणि टाकीपुढं थांबला.

"हे काय रं? मेंदी भिजवलीस व्हय?"

"हसू नको धुळ्या. गिऱ्हाईक रोज विचारतंय. काल एक बाई म्हणल्या, शेवया लय छान रंगल्यात."

खरंच शेवया. वीतभर लांब, हिरव्यागार, केसासारख्या बारीक, सगळ्या एका तालात हलणाऱ्या. आत दगड होते म्हणे, पण एकही दिसत नव्हता. काचेवर आतून तपकिरी साय. मधेच त्या हिरव्यातून काहीतरी नारिंगी सरकलं आणि परत आत गेलं.

"शेंदऱ्या," गोमटेश म्हणाला. "सहा होते. हा एकटाच राहिला."

अंगठ्याएवढा मासा. शेंदरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. धुळा गुडघ्यावर बसून त्याची वाट बघत राहिला.

"त्याला मी नदीत सोडणार हाय," मागून आवाज आला.

टाकीच्या डाव्या कोपऱ्याला लागून एक वेताची खुर्ची असते. तीवर गोमटेशची आज्जी बसते. चंदनबाला आज्जी. ऐंशीच्या पुढं वय, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, नजर आता नातवापेक्षा तेज. सकाळी बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, देवदर्शन, दुपारनंतर दुकानात. आणि दिवस मावळायच्या आत जेवण, त्यात बदल नाही.

"आवं आज्जी, नदीचं पाणी गोडं. त्यो तासाभरात मरंल."

"पाण्यातला जीव पाण्यात मरतो व्हय रं? आणि हितं काय जगतोय? बघ की तोंड कसं करतोय." आज्जीनं काचेकडं बोट केलं. "गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आमचं दशलक्षण पर्व लागतंय. दहा दिवस मी बस्तीत जीवदयेचं ऐकायचं आणि घरात हे असं कोंडून ठेवायचं? मी सांगितलंय ह्याला. त्याच्या आत नीट करा, न्हाईतर मी कळशी घेऊन घाटावर जाते."

आज्जी बोलते तसं करते, हे गल्लीला माहीत आहे. मागं दुकानात उंदरांचा पिंजरा आणला होता, तर उंदरासकट पिंजरा घेऊन आज्जी रिक्षानं हरिपूरच्या रस्त्याला गेली होती.

"मी करतो," धुळा बोलून गेला. "दशलक्षणाच्या आत आरपार काच दाखवतो तुमाला."

खाऱ्या पाण्यात त्यानं आजवर बोट घातलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हा दया-बिया काही नव्हती. हे एवढं हिरवं होतं कसं, एवढंच त्याला बघायचं होतं. मासा काय, तो आपला मधे होता.

पहिल्यांदा त्यानं खारटपणा मोजायचं ठरवलं. त्याला एक छोटी दुर्बिणीसारखी नळी लागते. टोकाला थेंब लावायचा आणि उजेडाकडं धरून आत आकडा बघायचा.

"तसली एक आहे," गोमटेश म्हणाला, "पण ती पप्पांची आहे, नंबर तपासायची." त्यानं खणातून काढली ती ब्राह्मीची, खारटपणा मोजायचीच होती. दीड वर्ष ती डोळे तपासायच्या हत्यारांत पडून होती.

आकडा पस्तीसच्या आसपास पाहिजे. आला बेचाळीस.

"पाणी कमी झालं की काय घालतोस रं?"

"मीठ कालवून घालतो की. ब्राह्मीची मिठाची बादली आहे ना, तीच. समुद्र आहे म्हणल्यावर खारंच घालणार."

धुळानं कपाळाला हात लावला. "अरं येड्या, वाफ पाण्याची हुती, मिठाची न्हाई. आमटी आटली तर तू वरनं परत मीठ घालतोस व्हय?"

गोमटेशनं मिठाच्या बादलीकडं बघितलं. मग म्हणाला, "आई घालते कधी कधी."

एकदम गोडं पाणी ओतलं तर मासा दणका खातो, हे धुळाला वाचून माहीत होतं. रोज दोन तांबे आरओचं पाणी, जास्त नाही, असं ठरलं. पाणी ढवळणाऱ्या मोटरीवर चुनखडी चढून ती बसली होती. ती व्हिनेगरमध्ये बुडवून चालू केली, तर शेंदऱ्या त्या धारेत येऊन उभाच राहिला, पोरं गाडीच्या खिडकीत तोंड घालतात तसा. धुळाला लय बरं वाटलं. पहिल्या दिवशी एवढं झालं.

दुसऱ्या दिवशी भिंगाचं झालं, आणि तिथूनच सगळं बिघडलं.

हे शेवाळ असतं तरी काय, ते जवळून बघावं म्हणून धुळानं एक झुबका उपटून पांढऱ्या बशीत ठेवला आणि गोमटेशच्या नंबर तपासायच्या पेटीतलं सगळ्यात जाड, वीस नंबरचं भिंग डोळ्याला लावलं.

"आयला!"

"काय?"

"हे जित्तं हाय!"

शेवयांच्या मधनं पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. एकाला मागं दोन शेपट्या. एक वाकडं, झिंग्यासारखं, पाय मोजता येईनात एवढे. एक शेवाळाच्या काडीला धरून ती कडेकडेनं खात चाललेलं. धुळाला वाटलं आपण विमानातून एखादं रान बघतोय आणि खाली जनावरं चरतायत. तो बघतच राहिला.

"मला दे बघू," आज्जी म्हणाली.

आणि धुळानं दिलं. एवढीच काय ती चूक, असं त्याला तेव्हा वाटलं. खरी चूक पुढं होती.

आज्जीनं बशी मांडीवर घेतली, भिंग डोळ्याला लावलं. लय वेळ बघितलं. ओठ हलत होते, मोजत होती. मग भिंग खाली केलं.

"हे उपटून कुठं टाकणार हुतास?"

"गटारात."

"एवढे जीव? गटारात?"

गोमटेश काउंटरवर डोकं टेकून बसला. "धुळ्या, धुळ्या, आज्जीच्या हातात भिंग देतोस व्हय रं! संपलं आता."

"काय संपलं? ऐक रं धुळाप्पा," आज्जी म्हणाली. "आमच्यात पाणी गाळल्याबिगर पीत न्हाईत. आणि गाळून झालं की फडक्यावर जे राहतं ना, ते फेकायचं नसतं. फडकं उलटं करून, ज्या पाण्यातनं आलं त्या पाण्यात परत धुवायचं. लहानपणी मी आडावर रोज करायची. ह्यातली एक काडी बाहेर काढायची असंल तर तशी काढ. न्हाईतर काढू नको."

धुळा हो म्हणाला. आज्जीला नाही कोण म्हणणार? पण मनात म्हणाला, चार फुटी टाकीतले किडे फडक्यानं निवडत बसलो तर दिवाळी उजाडंल.

तर चूक अशी झाली. गुरुवारी बस्तीत प्रवचन होतं, आज्जी दोन तास तिकडं. धुळा टूथब्रश आणि दोन बादल्या घेऊन आला. एकेक दगड बाहेर काढला, खराखरा घासला. काच घासली. तळाची वाळू ढवळली. दोन बादल्या भरून हिरवं गटारात गेलं. गोमटेश म्हणत होता, "लय घाई करतोयस गड्या." धुळा म्हणाला, "तू चष्मं इक."

आज्जी परत आली तेव्हा टाकी गढूळ होती, पण दगड दिसत होते. सहा दगड, एक कमानीसारखा. आज्जीनं बशी कुठाय एवढंच विचारलं.

शुक्रवारी दुपारी धुळा कुपवाडला एकाच्या घरी मशिन खोलून बसला होता. गोमटेशचा फोन.

"शेंदऱ्या वर आलाय. तोंड पाण्याबाहेर काढून आहे. गपागपा करतोय. ये लवकर."

मशिन उघडीच टाकून तो आला. पाणी दुधासारखं झालं होतं. वाळूतली दीड वर्षाची घाण वर आलेली, घासलेलं शेवाळ दगडांच्या फटीत मरून कुजलेलं, आणि ते खाणारे, साफ करणारे जे कोण होते ते काल दोन बादल्यांतून गटारात गेलेले. हे त्याला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की माशाला श्वास घेता येत नाहीये. शेंदऱ्या एका अंगावर कलला होता. धुळानं बोट लावलं तरी हलला नाही.

"तांब्या आण," आज्जी म्हणाली.

"कशाला?"

"अरं वरनं पाणी ओत! धार पाडली की वारं मिसळतंय. मला एवढं कळतंय, तुमाला कळत न्हाई?"

गोमटेशनं शटर अर्धं खाली ओढलं. धुळा मागं मोरीत बसून आरओच्या पाण्यात मीठ कालवायला लागला, आणि आज्जी खुर्ची ओढून, पदर खोचून, तांब्यानं टाकीतलं पाणी उचलायची आणि वरून परत टाकीत सोडायची. उचलायची, सोडायची. कोपरापर्यंत भिजली तरी तांब्या कुणाला देईना. आकडा पस्तीसवर आला तसं धुळानं नवं पाणी थोडं थोडं आत घेतलं, जुनं काढलं. एकदा, दोनदा, तीनदा.

साडेचारच्या सुमाराला शेंदऱ्या सरळ झाला. पाचला पाणी फिरवणाऱ्या मोटरीपाशी जाऊन उभा राहिला.

आज्जीनं तांब्या खाली ठेवला. "काल काय केलंस तू?"

धुळानं सांगितलं. दोन बादल्या, ब्रश, गटार. सगळं. खाली बघून सांगितलं.

आज्जी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, घरात गेली, आणि एक पांढरं दुहेरी फडकं घेऊन आली. कित्येक वर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"हे घे. उद्यापासनं रोज एक मूठ. जास्त न्हाई. माझ्यासमोर."

मग रोज संध्याकाळी चारला तो कार्यक्रम. एक मूठ शेवाळ उपटायचं. टाकीचंच पाणी घेतलेल्या घमेल्यात ते हळूहळू खळबळायचं, म्हणजे आतले जीव सुटून पाण्यात येतात. मग घमेल्यातलं पाणी फडक्यातून गाळायचं. खाली गढूळ पाणी जातं, ते टाकून द्यायचं. फडक्यावर ठिपके राहतात, ते फडकं उलटं करून टाकीत बुडवायचं. आज्जी भिंग लावून तपासायची. "तो एक राहिला. त्या शिवणीत. हां."

"आणि ह्या शेवाळाचं काय, आज्जी? ह्यो पण जीवच की," गोमटेशनं एकदा उगाच डिवचलं.

"ते एकेंद्रिय हाय, एकाच इंद्रियाचा जीव. त्याचं मी बघते. तू तुझं गिऱ्हाईक बघ."

चार दिवस धुळाला ह्याचा कंटाळा आला. पाचव्या दिवशी तो काचेला नाक लावून बघत होता तर आतून काचेवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. चरत निघालेली. ज्या वाटेनं ती गेली होती तिथली साय खरवडल्यासारखी निघालेली. तो तिथंच उभा राहिला, गोमटेशनं दोनदा हाक मारली तरी.

उजवी बाजू सुधारत गेली. कमानीचा दगड जांभळट दिसायला लागला. पण डाव्या कोपऱ्यात, आज्जीच्या खुर्चीलगत, शेवाळ काढलं की चार दिवसांत पहिल्यासारखं. तेवढंच. एका हातभर जागेत.

धुळाला झोप लागेना. उजेड म्हणावं तर दिवा मधोमध. पाणी म्हणावं तर सगळीकडं एकच. गोमटेशला विचारलं, खायला किती घालतोस? तो म्हणाला, "दोन दिवसाआड चिमूटभर गोळी. ती पण उजव्या अंगाला, मोटरीपाशी." म्हणताना त्यानं घराच्या दाराकडं बघितलं. धुळाला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही.

गणपतीला दहा दिवस राहिले होते. आज्जीनं माळ्यावरची पितळी कळशी काढून घासायला टाकली होती. ती दुकानाच्या मागच्या दारातून दिसायची.

रविवारी धुळा फलटणला गेला. आई, तानुबाई, तिनं आल्या आल्या ताट वाढलं, पण हा बांधावर जाऊन उभा राहिला. बाप बाजरीत होता. जोतिबा नाव, धुळा तात्या म्हणतो.

बाजरी सगळी पोटरीएवढी, आणि मधेच एक चौकोन कमरेएवढा. हिरवा नाही, काळाच. पट्टी लावून आखल्यासारखा.

"तात्या, हितंच एवढं काळंभोर कसं वो?"

"चैतात हितं वाघूर लावली न्हवती का? दोन रात्री मेंढरं बसली." वाघूर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायची जाळी. शेतकरी बोलावून मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीखत पडतं म्हणून. हे धुळाला जन्मापासून माहीत. तरी तो विचारत राहिला.

"आन् त्या अंगाला?"

"तिथं न्हाई बसली, तिथं न्हाई आलं. सांगलीत राहून येडा झाला का काय तू? गवत काय मनानं येतंय व्हय? कुणीतरी खायला घातल्याबिगर येत न्हाई."

धुळानं चौकोनाकडं बघितलं. डोळ्यासमोर डावा कोपरा आला.

"तात्या, मी निघतो."

"आरं भाकरी वाढलीया!"

"बांधून द्या!"

तानुबाईनं ठेचा आणि भाकरी फडक्यात बांधून दिली, आणि पाठीमागून जे काय बोलली ते एसटी लागेपर्यंत ऐकू येत होतं.

सोमवारी चारचा कार्यक्रम मुद्दाम चुकवून पाचला तो दुकानात आला आणि गोमटेशला म्हणाला, "मी नंबरच्या खोलीत बसतो. आज्जीला सांगू नको."

"का रं?"

"गवताला कोण खायला घालतंय ते बघायचंय."

खोलीच्या दाराच्या फटीतून टाकी नीट दिसते. साडेपाचला पाच मिनिटं कमी होती. आज्जी अजून घरात होती. आणि शेंदऱ्या मोटरीपासून निघाला. सरळ डाव्या कोपऱ्यात आला आणि काचेला तोंड लावून थांबला. जसं काही एसटीची वेळ झालीय. धुळानं घड्याळ बघितलं. ह्या अंगठ्याएवढ्या जीवाला वेळ कळत होती.

आज्जी आली. खुर्चीत बसली. गोमटेशकडं बघितलं, तो मुद्दाम फ्रेमा पुसत होता. कमरेच्या पिशवीतून एक स्टीलची डबी काढली. डबीतून मळलेली कणीक. मोहरीएवढ्या गोळ्या करून एकेक पाण्यात सोडायला लागली. "खा. खा बाळा. मी आता जेवणार, तू उपाशी कसा राहशील?" शेंदऱ्यानं तीन धरल्या. बाकीच्या पाच-सात दगडामागं खाली गेल्या.

धुळा बाहेर आला. आज्जीनं डबी पदराआड घेतली, लहान पोर लपवतं तशी.

"कवापासनं, आज्जी?"

"काय कवापासनं?"

"कणीक."

आज्जीनं डबी पदराबाहेर काढली. मग म्हणाली, "ब्राह्मी गेल्यापासनं. ह्याला विचारलं, मासा खातो काय? तर म्हणला, काय घालायला लागत न्हाई, शेवाळावर जगतो. नुसत्या शेवाळावर कोण जगतंय? मी रोज दिवस मावळायच्या आत जेवते. समोर तो तोंड उघडून बसतो. माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता."

धुळानं गोमटेशकडं बघितलं. गोमटेशचे कान लाल झाले होते.

"गोमट्या?"

"माशाचं खाणं माशाचंच असतं, आज्जी," गोमटेश खालच्या आवाजात म्हणाला. "त्या पुडीत झिंग्याची, माशाची पूड असते. आपल्या घरात ते... मी सकाळी तू बस्तीत गेलीस की घालतो. तुला वाईट वाटंल म्हणून शेवाळाचं सांगितलं."

म्हणजे दोघंही दीड वर्ष चोरून खायला घालत होते, दोन कोपऱ्यांत. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही.

आता पुढचं बोलायचं की नाही, हे धुळाला कळेना. गोमटेश मान हलवत होता, नको सांगू म्हणून. पण एकदा गटाराचं खालमानेनं सांगितलेलं होतं, तर हे कसं गिळायचं?

"आज्जी, उरलेली कणीक खाली कुजती. तिचं खत हुतंय. हे सगळं हिरवं त्याच्यावर आलंय. आमच्याकडं मेंढरं बसल्यावर येतं तसं."

आज्जीनं डबीतली उरलेली कणीक बोटानं दाबून बघितली. बाहेर कुणीतरी स्कूटर स्टँडवर लावली, आत आलं, गोमटेशनं "दहा मिनिटांनी या" म्हणून परत पाठवलं.

"म्हणजे ते बाकीचे पाच..." आज्जी म्हणाली.

"ते कणकेनं न्हाई गेले," धुळा पटकन म्हणाला. मग थांबला. "माहीत न्हाई, आज्जी. मीठ जास्त हुतं, मोटर बंद हुती. एकट्या कणकेचं न्हाई, एवढं पक्कं. आन् मी त्या गुरुवारी एका दिवसात केलं तेवढं तुमच्या दीड वर्षानं न्हाई केलं."

आज्जीनं डबीचं झाकण लावलं. घट्ट, दोन्ही अंगठ्यांनी.

"माझं ताट मी त्याच्यापुढं ठेवलं," ती म्हणाली. "त्याला काय पाहिजे ते विचारलंच न्हाई. समुद्रात त्याला कणीक कोण देणार हुतं?" मग गोमटेशकडं वळून, "तू चोरून घालू नको आता. त्याचं खाणं त्याला दे. मी त्या पुडीला हात लावणार न्हाई. पण तू घालताना मी बघत बसेन. आणि खोटं बोललास त्याचं नंतर बघते."

त्या दिवशी आज्जी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही एकभुक्त. गोमटेश धुळावर तीन दिवस घुमा होता. चौथ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला, "ये. कोपरा बघायला ये."

कोपऱ्यातलं शेवाळ फिकं पडलं होतं. मुळाशी पांढरं. धुळानं चिमटीत धरलं तर ओल्या कापसासारखं अलगद सुटलं. आज्जीनं घमेलं पुढं केलं, फडकं धरलं. "गाळून."

"गाळूनच, आज्जी."

गणपती बसायच्या आदल्या दिवशी ब्राह्मीचा फोन लागला. व्हिडिओवर टाकी दाखवली तशी ती पडद्यावर वाकली. मग म्हणाली, "जवळ धर. काचेवर ते पांढरे काय आहेत?" धुळानं भिंग मोबाईलपुढं धरलं. "अरे हे किडे लोक बाटलीत विकत मागवतात! तुम्हाला सांगलीत कुठं मिळाले?"

"आज्जीच्या फडक्यात," गोमटेश म्हणाला.

आरपार काच काही झाली नव्हती. मागच्या दगडावर एक हिरवी दाढी होतीच, वाळू अजून मळकट. धुळानं आज्जीला तसं सांगितलं. आज्जीनं खुर्ची टाकीसमोर मधोमध ओढून घेतली, वीस नंबरचं भिंग मागितलं, आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत गेली. डॉक्टर तपासतात तसं. शेंदऱ्या तिच्या चेहऱ्याबरोबर काचेमागून सरकत होता.

"नवा जीव आणून कोंडायचा न्हाई," ती शेवटी म्हणाली. "हाय तो सांभाळायचा. जगंल तेवढं जगवायचं." आणि घरात आवाज दिला, "ती कळशी माळ्यावर ठेवा गं."

धुळाला तेव्हा मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडला नाही. शेंदऱ्याकडं बघून मान हलवली. पहिल्या दिवशी जो आपला मधे होता, तो.

बाहेर पायरीवर दोघं चहा पीत बसले. समोरच्या मंडळाच्या मांडवाला पडदे लावायचं चाललं होतं.

"हे मासे पंधरा-वीस वर्षं जगतात म्हणे," गोमटेश म्हणाला.

"जगतात."

"आणि तू चाललास शिरवळला. मला ह्यातलं काय कळतंय? परत शेवया होणार बघ. ब्राह्मीचा कागद होता, तो गेला. आणि त्यात तरी काय होतं? हे करा, ते करा. कणीक घालू नका असं कुठं होतं?"

"तिला काय माहीत, तुमच्यात कोण काय घालंल."

"तेच म्हणतो. तू लिही. काय झालं ते सगळं. आमटीचं पण."

"आन् गटाराचं?"

गोमटेशनं चहाचा ग्लास पायरीवर ठेवला. "ते नसंल तर काय उपयोग गड्या? उद्या माझ्याच हातात ब्रश येणार."

"आज्जीच्या डबीचं नको लिहायला. म्हातारं माणूस."

"लिही की रं!" आतून आवाज आला. आज्जी खुर्चीतच होती, आणि कान डोळ्यांइतकेच तेज. "डबीचं पण लिही. पण ते शुक्रवारी तांब्या मीच धरलेला, ते पण लिही."

गोमटेश हसायला लागला. धुळाही हसला. मांडवाच्या बांबूवर चढलेला एकजण खालच्याला दोरी मागत होता.

"महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मला सुट्टी हाय," धुळा म्हणाला. "सकाळची एसटी धरली की चारच्या आत मी हितं. मूठभर काढायचं, गाळायचं, परत सोडायचं. आन् लिहून पाठवतो तुला. काय गाळत न्हाई, गोमट्या. माझं पण न्हाई."